कमी खर्चात नॅरोगेजचे मॉडेल: माथेरान की बार्शी लाइट, आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?

येडशीकर

नमस्कार. माझे आजोळ बार्शीचे. लहानपणी दर उन्हाळ्यात कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून, डोक्यावर ट्रंका घेऊन पलीकडच्या फलाटावरच्या छोट्या गाडीत बसायचे, हा ठरलेला क्रम होता. ती लाइन ब्रॉडगेज झाली, आजोळही आता उरले नाही, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला त्या छोट्या गाडीचे चालते मॉडेल करायची इच्छा झाली आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली पैशाची: वर्षभरात मिळून वीस हजारांपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही, आणि त्यातले पहिल्या खेपेला सहा-सात हजारच. दुसरी जागेची: ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात कायमचे टेबल मांडणे शक्य नाही, त्यामुळे 120 सेंमी × 60 सेंमीची एक फळी दिवाणाखाली सरकवून ठेवता येईल एवढीच मुभा घरच्यांकडून मिळाली आहे. दिवाणाखालची उंची साधारण 20 सेंमी आहे. तिसरी अडचण माझ्या अज्ञानाची. इंटरनेटवर वाचले की 9 मिमीचे रूळ, 16.5 मिमीचे रूळ, 1:87, 1:76, 1:48 असे आकडेच आकडे समोर येतात आणि त्यांतले कोणते कशाशी जुळतात याचा पत्ता लागत नाही. मुलीचे म्हणणे असे की बार्शीपेक्षा माथेरानची गाडी करावी, कारण ती सगळ्यांना ओळखू येते. माझ्या बजेटमध्ये यांतले काय बसेल, आणि पहिले पैसे नेमके कशावर घालावेत, याचे मार्गदर्शन अनुभवी मंडळींनी करावे ही विनंती.

छोटीलाइन

येडशीकर, आपल्या कन्येची निराशा करणे जिवावर येते, पण पहिल्या मॉडेलसाठी माथेरानचा विचार सोडावा असे मी म्हणेन. नेरळ-माथेरान लाइन 1907 मध्ये सुरू झाली ती 2 फूट म्हणजे 610 मिमी मापाची (माप म्हणजे दोन रुळांमधले अंतर). बाजारात सहज मिळणारे सर्वांत लहान स्वस्त रूळ 9 मिमीचे, म्हणजे एन गेजचे असतात. 1:87 या प्रमाणात 610 मिमीसाठी 7 मिमीचे रूळ हवेत आणि ते तयार मिळत नाहीत. 6.5 मिमीचे झेड गेज घेतले तर ते महाग, नाजूक आणि धुळीला घाबरणारे असते. 1:76 घेऊन 9 मिमीवर चालवले, तर रुळांची रुंदी सुमारे 685 मिमी भरते आणि गाडी फताडी दिसते. शिवाय माथेरान म्हटले की चढ आला. तिथला चढ काही ठिकाणी 1:20 आहे. आपल्या फळीच्या पूर्ण लांबीत तो 6 सेंमी होतो, आणि मूठभर वजनाचे इंजिन 6 सेंमीच्या चढावर दोन डबे घेऊन चाके फिरवत जागच्या जागी थांबते. हे मी स्वतः करून पाहिले आहे.

आता बार्शी लाइट पाहा. तिचे माप 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिमी. त्याला 87 ने भागले की 8.76 मिमी येतात. बाजारातला रूळ 9 मिमीचा, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा, जो डोळ्याला कधीही कळणार नाही. शकुंतला, पाचोरा-जामनेर आणि सातपुड्यातली नागपूरकडची नॅरोगेज याच मापाची असल्यामुळे पुढे मन बदलले तरी काहीही वाया जात नाही. तेव्हा 1:87 प्रमाण आणि 9 मिमीचे रूळ हे पक्के करावे. आकड्यांचा घोळ तिथेच संपतो.

बार्शी लाइटचा आग्रह धरण्याचे माझे खरे कारण मात्र दुसरे आहे. ही लाइन मुळात काटकसरीतून जन्मली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती उभी केली आणि 1897 मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. रूळ हलके ठेवायचे म्हणून त्याने इंजिनापासून वाघिणीपर्यंत कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा नियम घातला, आणि मालवाहतुकीच्या वाघिणी एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधल्या: लांबी 25 फूट, रुंदी 7 फूट. उघडी वाघीण असो की झाकलेली, खालचा सांगाडा तोच. आपल्यासारख्या कमी खिशाच्या माणसाला याहून सोयीचे काय असणार? 1:87 मध्ये तो सांगाडा 87.6 मिमी × 24.5 मिमी होतो. एकदा जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साचा कापून घेतला की त्याच साच्यावरून दहा वाघिणी निघतात, आणि दहाव्या वाघिणीला पहिलीच्या निम्माही वेळ लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पैसे फक्त फिरणाऱ्या वस्तूंवर घालावेत: मोटर असलेली चॅसी, चाके आणि रूळ. जे फिरत नाही ते सगळे घरी करावे. जपानच्या काटो कंपनीच्या पॉकेट लाइन मालिकेतली चार चाकांची छोटी चॅसी जगभर नॅरोगेज करणारे लोक वापरतात, कारण ती 9 मिमीवर चालते, आगपेटीपेक्षा फार मोठी नसते आणि अगदी अवघड वळणही घेते. तिच्यावर पुठ्ठ्याचे इंजिन चढवता येते. बार्शीची मूळ इंजिने एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची होती, त्यामुळे चार चाकांवर ती हुबेहूब होणार नाहीत हे मान्य करून पहिले इंजिन यार्डातल्या एखाद्या काल्पनिक छोट्या डिझेलचे करावे. पुढे पैसे जमले की एन गेजचे वापरलेले बोगीवाले (बोगी म्हणजे खालचा चाकांचा फिरता सांगाडा) डिझेल घेऊन त्यावर झेडडीएम या नॅरोगेज डिझेल वर्गाचे इंजिन करता येईल.

रुळांचा हिशोबही सांगून ठेवतो. लवचीक रुळाचा तुकडा 914 मिमी लांबीचा मिळतो. फळीवर 24 सेंमी त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आणि 60 सेंमीच्या दोन सरळ बाजू घेतल्या, तर एकूण लांबी 271 सेंमी होते, म्हणजे तीन तुकड्यांत पूर्ण फेरी बसते आणि चारही बाजूंनी 6 सेंमीचा काठ सुटतो. त्यात पहिल्या वर्षी गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा एकच सांधा, म्हणजे पॉईंट घालावा. एवढ्याने वाघिणी लावणे-काढणे करता येते. वळणावर दोन तुकडे जोडायचे असतील तर रूळ सरळ असतानाच जोड सोल्डर करावा आणि मग वाकवावा, नाहीतर जोडावर कोपरा येतो आणि गाडी दर फेरीला तिथेच उतरते.

एक चूक मी केली ती आपण करू नये. मी 6 मिमीचे साधे प्लायवूड घेतले, खाली चौकट ठोकली नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात फळी पापडासारखी वाकली. रूळ उखडून सगळे पुन्हा करावे लागले. 9 मिमीचे प्लाय घ्या, खाली दोन-बाय-एकच्या पट्ट्यांची चौकट करा आणि दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्या. ठाण्याच्या हवेत तर हे टाळून चालणारच नाही.

सोळा_पूर्णांक_पाच

छोटीलाइन यांच्या हिशोबात चूक नाही, पण एका गोष्टीकडे त्यांनी दुर्लक्ष केले आहे, ती म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षीचे डोळे. मी पंचावन्नाव्या वर्षी 9 मिमीवर सुरुवात केली आणि दोन वर्षांत सोडली. पडलेली वाघीण रुळावर ठेवायला भिंग लागत असेल तर त्यात कसला आनंद! 1:48 प्रमाणात 16.5 मिमीचा रूळ 792 मिमी दाखवतो, म्हणजे 762 पासून फार दूर नाही, आणि 16.5 मिमी हे एचओ गेज असल्यामुळे जगात सर्वांत जास्त वापरलेला माल याच मापात मिळतो. गाडी जड असते, म्हणून धुळीच्या कणावर अडत नाही. पुठ्ठा कापताना अर्धा मिलिमीटर चुकला तरी चालून जाते.

अर्थात प्रामाणिकपणे सांगायचे तर 25 फुटांची वाघीण या प्रमाणात 159 मिमीची होते आणि 60 सेंमी रुंदीच्या फळीवर तिला गोल फिरवता येणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे यार्डच करावे लागेल. मला स्वतःला त्याच त्या वर्तुळात फिरणाऱ्या गाडीपेक्षा यार्डात वाघिणी अदलाबदल करण्यातच गंमत वाटते, पण हा स्वभावाचा प्रश्न आहे. खर्च करण्यापूर्वी पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, ते मुलीसह पाहून यावे. तिथे 1:87 प्रमाणातल्या वस्तू प्रत्यक्ष केवढ्या दिसतात ते कळेल. नॅरोगेजची खरी इंजिने आणि डबे जवळून पाहायचे, टेप लावून मोजायचे असतील तर नागपूरला मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय आहे.

तापकीर_गल्ली

प्रमाणाच्या वादात मी पडत नाही. विजेचे काम माझ्याकडे घेतो, कारण नवखे लोक निम्मे पैसे तिथेच घालवतात. तयार कंट्रोलर परदेशातून मागवण्याची काही गरज नाही. एन गेजच्या गाड्या 12 व्होल्ट डीसीवर चालतात आणि 12 व्होल्ट 1 अँपिअरचा ॲडाप्टर बहुतेक घरांत जुन्या वाय-फाय राउटरबरोबर पडून असतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलएम317 नावाची आयसी अगदी किरकोळ किमतीत मिळते. तिच्या आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये 240 ओहमचा रेझिस्टर आणि ॲडजस्टपासून निगेटिव्हपर्यंत 2 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर लावला की गणिताने 1.25 पासून 11.7 व्होल्टपर्यंत दाब कमी-जास्त करता येतो. 12 व्होल्टच्या ॲडाप्टरवर प्रत्यक्षात दहाच्या आसपासच मिळेल, कारण आयसी स्वतःसाठी दोन-एक व्होल्ट ठेवून घेते. ते आपल्या फायद्याचेच आहे. बार्शी लाइट काही राजधानी नव्हती, आणि मॉडेल तिच्या खऱ्या वेगाने चालवायचे तर चार-पाच व्होल्ट पुरतात. आयसीला ॲल्युमिनियमचा छोटा हीटसिंक अवश्य लावावा.

दिशा बदलण्यासाठी मधे बंद होणारा डीपीडीटी, म्हणजे दोन तारा एकदम बदलणारा टॉगल स्विच घ्यावा आणि त्याचे चार कोपरे तिरक्या तारांनी जोडावेत. रुळांवर स्क्रूड्रायव्हर पडून शॉर्ट होणे ही रोजची घटना आहे, त्यासाठी मोटारसायकलचा 12 व्होल्ट 5 वॉटचा दिवा सीरिजमध्ये लावून ठेवतो. गाडी चालताना तो जेमतेम तांबूस होतो आणि शॉर्ट झाला की लख्ख पेटतो. फ्यूजही वाचतो आणि चूक झाल्याचे खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळते. 230 व्होल्टच्या बाजूला मात्र हात लावू नये. ॲडाप्टर उघडायचा नाही, हा नियम घरात मुले असोत वा नसोत, पाळायचाच.

रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नये. पहिल्या दोन महिन्यांत सगळे छान चालते, मग पावसाळी हवेत पट्टीखाली ऑक्साइड चढतो आणि गाडी एका विशिष्ट तुकड्यावर पोचली की मान टाकते. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तारेची जोडी सोल्डर करावी. तीन तुकड्यांना सहा तारा, एवढाच प्रकार. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती रुमाल वापरावा. सँडपेपरने घासू नये, कारण त्याचे ओरखडे पुढे काजळी धरून ठेवतात.

काळीमाती

मी सोलापूरची असून नोकरी करून उरलेल्या वेळात फक्त देखावे करते. गाड्या माझे यजमान चालवतात. त्यामुळे माझे उत्तर रुळांच्या बाहेरचे आहे, पण सुरुवात रुळांपासूनच करावी लागेल.

तयार मिळणारा एन गेजचा नेहमीचा रूळ कोड 80 या उंचीचा असतो, म्हणजे 2.03 मिमी. त्याला 87 ने गुणून पाहा: 177 मिमी येतात. आजच्या मेन लाइनवर असतो तो 60 किलोचा रूळ 172 मिमी उंच आहे. म्हणजे पाच टन आसभाराच्या छोट्या गाडीखाली आपण वंदे भारतपेक्षाही उंच रूळ टाकलेला असतो, आणि मॉडेल खेळण्यासारखे दिसते त्याचे पहिले कारण हेच. कोड 55 घेतला तर दोष बराच कमी होतो. कोड 80 च घ्यावा लागला तर उपाय फुकटचा आहे: रूळ अर्धा बुजवायचा. बाहेरच्या बाजूने माती आणि खडी जवळजवळ रुळाच्या माथ्यापर्यंत आणावी, आतल्या बाजूने चाकाची कड जाईल एवढी खाच ठेवावी आणि रुळाच्या कडा गंजाच्या रंगाने रंगवाव्यात. दुसरी गोष्ट स्लीपरची. एन गेजचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने असतात, कारण ते ब्रॉडगेज दाखवण्यासाठी बनवलेले असतात. खालून प्लॅस्टिकचे दुवे ब्लेडने तोडून एकाआड एक स्लीपर काढून टाकावा आणि राहिलेले सरकवून सारख्या अंतरावर आणावेत. एक संध्याकाळ जाते, पण नंतर तोच रूळ पाहताक्षणी छोट्या लाइनीचा वाटतो.

आता मातीविषयी. बार्शी म्हणजे काळी जमीन, म्हणून मी मोठ्या हौसेने शेतातली खरी काळी माती आणली, चाळली आणि पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून पसरली. तीन दिवसांनी तिला चैत्रातल्या रानासारख्या भेगा पडल्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, ती फळीवर तरी निराळी कशी वागेल? एका कोपऱ्यात त्या भेगा मी मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, आणि पाहणारे नेमके त्याच कोपऱ्याचे कौतुक करतात. बाकी ठिकाणी मात्र वाळवलेला चहाचा चोथा, लाकडाचा बारीक भुसा आणि काळा-तपकिरी पोस्टर रंग यांचे मिश्रण वापरावे. चोथा उन्हात कडकडीत वाळवून मगच वापरावा, नाहीतर बुरशी येते. गव्हाची खळ तर अजिबात वापरू नये. झुरळांना ती आमंत्रणपत्रिका आहे.

खडीसाठी वाळू मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावी आणि त्यानंतर एक काम विसरू नये: प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक त्या वाळूतून पाच-सहा वेळा फिरवावे. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. पिशवीला काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटलेले दिसतील. तेच कण रुळांवर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधले चुंबक त्यांना ओढून घेते आणि आपली सर्वांत महाग वस्तू बिघडते. वाळू टाकून झाल्यावर कोरड्या ब्रशने नीट करावी, वरून पाण्याचा फवारा मारावा, आणि एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी व भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. पॉईंटच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ देऊ नये.

स्टेशनच्या आणि गोदामाच्या पत्र्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पन्हळी पत्र्याची पन्हळ साधारण 76 मिमीला एक असते, म्हणजे 1:87 मध्ये ती 0.87 मिमी होते. असला पत्रा विकत घ्यायला गेले तर महाग पडतो. उवा काढायची जुनी बारीक दातांची फणी घ्यावी, तिच्यावर स्वयंपाकघरातली फॉइल दुहेरी करून ठेवावी आणि खोडरबराने दाबत ओढावी. हवी तशी पन्हळ उठते. मागून पातळ कागद चिकटवला की ती दबत नाही. गंजासाठी विटेची पूड बोटाने चोळावी. बाभळी मी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांच्या आणि भांडी घासायच्या स्पंजच्या करते, ज्वारीसाठी काथ्या कापून उभा रोवते. माणसे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या स्टेशनरी दुकानांत 1:100 ची मिळतात. ती आपल्या प्रमाणाला दोन-अडीच मिलिमीटरने बुटकी पडतात, पण डोक्यावर गाठोडे दिले की उंची कुणी मोजत नाही.

लीड्सवासी

हा धागा वाचून राहवले नाही, कारण मी राहतो त्या लीड्स शहराचा बार्शी लाइटशी थेट संबंध आहे. तिची सुरुवातीची इंजिने इथल्या किटसन कंपनीने हन्स्लेट भागातल्या कारखान्यात बांधली आणि भारतात पाठवण्यापूर्वी न्यूले इथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर त्यांची व वाघिणींची चाचणी झाली. मी मूळचा पंढरपूरचा आहे. आमच्या गावच्या वारकऱ्यांना वाहून नेणारी गाडी माझ्या सध्याच्या घरापासून बसच्या अंतरावर जन्मली, हे मला इथे येऊन चार वर्षांनी कळले.

कामाची गोष्ट अशी की त्याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही 2 फूट 6 इंची लाइन बांधली. ती 1904 ते 1934 एवढीच चालली, पण बार्शीची ती सख्खी धाकटी बहीण आहे: इंजिने किटसनचीच आणि डब्यांना मोकळे व्हरांडे. ब्रिटिश छंदिष्टांनी तिचे आराखडे व छायाचित्रे बारकाईने जपली आहेत. बार्शीच्या एखाद्या भागाचे माप मिळाले नाही, तर या बहिणीकडे पाहून अंदाज बांधता येतो.

खरेदीबद्दल सांगायचे तर इथल्या प्रदर्शनांत डबल-ओ-नाइन (1:76 प्रमाण, 9 मिमी रूळ) सोसायटीच्या वापरलेल्या मालाच्या टेबलावर 9 मिमीच्या चॅसी आणि बोग्या नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. भारतात पार्सलने मागवताना मात्र सावध राहावे. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले. दर पुढेमागे बदलतात, म्हणून मागवण्याच्या दिवशी काय आहे ते पाहूनच पैसे भरावेत. सुट्टीला घरी येणाऱ्या नातेवाइकाने सामानाच्या नियमांत बसेल एवढे आणणे हाच आजही मार्ग आहे. वर्षातून एकदाच अशी खेप मिळणार असेल तर यादी लहान आणि विचारपूर्वक करावी: एक चॅसी, सहा जोड बोग्या, एक पॉईंट, आणि जागा उरली तर सुटी चाके. जुने इंजिन घेताना चालत असल्याचा व्हिडिओ मागावा आणि आवाज ऐकावा. दर फेरीला टक-टक असा ठेका येत असेल तर दातेरी चाकाला चीर गेलेली असते, आणि ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

छोटीलाइन

'सोळा पूर्णांक पाच' यांचा डोळ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. चष्म्यावर लावायचे भिंग मीही वापरतो. तरीही येडशीकरांनी फळी आधी सांगितली आहे आणि प्रमाण नंतर विचारले आहे, त्यामुळे निर्णय फळीने करावा असे मला वाटते.

वाघिणींविषयी दोन गोष्टी राहिल्या होत्या. पुठ्ठा, म्हणजे 1 मिमीचा माउंटबोर्ड, कापल्यावर त्याच्या कडांना सुताराकडची पातळ चपडी पाजावी. कडा लाकडासारख्या टणक होतात आणि दमट हवेत फुगत नाहीत. दुसरे म्हणजे वजन. रिकामी पुठ्ठ्याची वाघीण पंख्याच्या वाऱ्यानेही पडते. टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करताना काढून टाकलेले शिशाचे तुकडे मागितले तर देतात. ते हातोडीने चपटे करून सांगाड्याच्या पोटात चिकटवावेत आणि प्रत्येक वाघीण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर 20 ग्रॅमच्या आसपास आणावी. सगळ्या वाघिणी सारख्या वजनाच्या असणे हे वजन किती आहे यापेक्षाही महत्त्वाचे, नाहीतर वळणावर जड वाघीण मधली हलकी वाघीण आतल्या बाजूला ओढून पाडते. शिसे हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलीला ते काम देऊ नये.

येडशीकर

सर्वांचे मनापासून आभार. एवढे तपशीलवार उत्तर मिळेल असे वाटले नव्हते, म्हणून लगेच लिहिण्याऐवजी काहीतरी करून मगच लिहावे असे ठरवले होते.

कोथरूडचे संग्रहालय मुलीसह पाहिले. तिथे उभे राहून तिनेच सांगितले की या मापाचे चालेल, आणि माथेरानचा आग्रहही सोडला. मात्र तिच्या अटीनुसार फळीच्या एका कोपऱ्यात माकड असणार आहे. 1:87 पक्के केले. रूळ कोड 55 चे तीन तुकडे आणि एक पॉईंट एवढीच खरेदी झाली. राउटरचा ॲडाप्टर घरातच होता आणि लॅमिंग्टन रोडवरून आयसी, स्विच व पोटेन्शिओमीटर आणले. पहिल्या हप्त्यातले पैसे अजून शिल्लक आहेत. लीड्सवासी यांनी सांगितलेली यादी डिसेंबरमध्ये मँचेस्टरहून येणाऱ्या मावसभावाकडे दिली आहे, त्यामुळे इंजिन तोपर्यंत नाही. दिव्याची युक्ती मात्र आधीच उपयोगी पडली: टेबलावर जोडणी करून पाहताना तिरक्या तारांपैकी एक उलट लागली होती आणि दिवा असा पेटला की स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

इंजिन नसल्यामुळे वाघिणींपासून सुरुवात केली. साचा कापला आणि पहिली उघडी वाघीण गेल्या रविवारी पूर्ण केली. दिसायला बरी दिसते, पण मोजली तर 89.6 मिमी भरली आणि रुंदी 26.5. साचा मी तीन वेळा तपासला, तो बरोबर 87.6 चाच आहे. मग दोन मिलिमीटर आले कुठून? एक वाघीण निघाली, आता उरलेल्या पाच अशाच करू की साचा कमी करू?

छोटीलाइन

साचा बरोबर आहे, जोडणी चुकली आहे. आपण तळाचा तुकडा साच्याएवढा कापून चारही भिंती त्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवल्या असणार, म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची एकेक मिलिमीटर जाडी वाढली. साचा आहे तसाच ठेवा, भिंती तळाच्या कडेवर उभ्या करा आणि दोन टोकांच्या आखूड भिंती लांबीच्या भिंतींच्या आत बसवा. त्या दोन भिंतींची लांबी 22.5 मिमी घ्यावी लागेल. पहिली वाघीण मोडू नका. रंगवा, तिच्यात कडब्याच्या पेंढ्या भरा आणि यार्डाच्या शेवटच्या रुळावर कायमची उभी करा. तिथे तिच्या शेजारी दुसरी वाघीण नसेल, त्यामुळे ती मोठी आहे हे फक्त आपल्या दोघांना माहीत असेल.